फ्रीजचा ताळेबंद

सप्टेंबर २०१५ पासून देशातल्या बँका दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद राहू लागल्या. आम्ही कारकून मंडळींनी शाखेत पेढे वाटून या निर्णयाचं स्वागत केलं. माझ्या वाट्याचे दोन पेढे मी घरी आणले, आणि इथेच चुकलो. सौ.नं पेढा तोंडात टाकला, कारण विचारलं, आणि कारण कळताच भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून दुसऱ्या शनिवारच्या चौकोनात लाल पेन्सिलीनं लिहिलं : ‘फ्रीज’. चौथ्या शनिवारच्या चौकोनात लिहिलं : ‘माळा’. अशा रीतीनं सरकारनं दिलेली सुट्टी अंमलात येण्याआधीच आमच्या घरी जप्त झाली.

तेव्हापासून महिन्यातून एकदा मी फ्रीज साफ करतो. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. माझ्या हाताला जमा-खर्चाशिवाय दुसरं वळण नाही. त्यामुळे आधी सगळा माल बाहेर काढून ओट्यावर मांडायचा, मग त्याची वर्गवारी करायची, आणि मगच फडकं हातात घ्यायचं, अशी माझी पद्धत आहे. बँकेत ९० दिवस हप्ता आला नाही की कर्ज अनुत्पादित ठरतं. फ्रीजमध्ये मी तोच नियम लावला, तर पहिल्याच शनिवारी निम्मा फ्रीज अनुत्पादित निघाला. अर्धं लिंबू, नग तीन. तिन्ही वेगवेगळ्या महिन्यांतली. वालाच्या बिरड्याची एक वाटी, जिच्यातल्या वालांना पुन्हा मोड येण्याच्या बेतात होते. कुणाच्या तरी बारशातला पेढा. ते बाळ एव्हाना बालवाडीत जायला लागलं होतं.

मी म्हटलं, “हे सगळं बुडीत खाती टाकू या.”

सौ. म्हणाली, “अहो, राहू द्या. लागतं कधीतरी.”

या ‘लागतं कधीतरी’वर माझा इतिहासाचा अभ्यास सुरू झाला. माणसानं अन्न साठवायला सुरुवात केली ती भुकेच्या भीतीनं, हे शाळेत शिकलो होतो. पण अर्धं लिंबू तीन महिने साठवण्यामागे कोणती भीती असावी, हे शोधायला मुळाशीच जायला हवं.

मुळाशी म्हणजे आमच्या बाबतीत पोलादपूरला. आमचं मूळ घर पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीत. तिथं बर्फ म्हटला की हात वर करून घाटमाथा दाखवायचे. आंबेनळी घाट चढून गेलं की महाबळेश्वर, आणि तिथं थंडीच्या दिवसांत वेण्णा तलावाच्या काठी पहाटे दव गोठतं. ते हिमकण ऊन पडेपर्यंत टिकतात. ते खाली पोलादपुरात आणून कोणी ताक गार केल्याचं ऐकिवात नाही.

त्यामुळे आमच्या वाडीत अन्न टिकवायचं ते थंडीनं नव्हे. उन्हानं, मिठानं आणि धुरानं. कैरीची आंबोशी, रातांब्याची आमसुलं, फणसाची पोळी, आणि शेजारीपाजारी सुकट. दूध-दही जाळीच्या कपाटात. त्या कपाटाचे चारही पाय पाण्यानं भरलेल्या वाट्यांत उभे असत, म्हणजे मुंग्यांना कपाटाला वळसा घालून परत जावं लागे. मांजरासाठी शिंकं. आणि पाण्यासाठी माठ. माठाच्या अंगातून पाणी पाझरतं, पाझरलेलं पाणी उडून जाताना आतली उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी गार होतं. हवा कोरडी असेल तितकं हे काम चांगलं होतं. त्यामुळे देशावरचा माठ दात कळवतो. कोकणातला माठ नुसती समजूत घालतो.

आणि शिजवलेलं अन्न? ते टिकवायचंच नसे. रात्रीचं उरलं तर सकाळी गुरांना. श्रावणातल्या शीतला सप्तमीला तेवढं मुद्दाम आदल्या दिवशीचं शिळं खायचं, कारण त्या दिवशी चूल पेटवायची नसते. वर्षातून एकदाच शिळं, तेही देवीच्या आज्ञेनं. घरात फ्रीज आल्यापासून आमच्याकडे ही सप्तमी आठवड्यातून चार वेळा येते.

थोरामोठ्यांची गोष्ट अर्थातच वेगळी. अकबर बादशहाकडे सोरा घातलेल्या पाण्यात भांडं फिरवून पिण्याचं पाणी गार करीत, आणि दरबार लाहोरला हलल्यावर उत्तरेच्या डोंगरांतून बर्फही येई, असं ‘आईन-इ-अकबरी’त नोंदलेलं आहे. पण पैसे मोजून कोणालाही बर्फ मिळावा, ही कल्पना काढली अमेरिकेतल्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्यानं. त्यानं गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापला, त्याच्या लाद्या जहाजात रचल्या, आणि मे १८३३ मध्ये बॉस्टनहून कलकत्त्याला पाठवल्या. निघताना १८० टन होता. चार महिन्यांनी पोहोचला तेव्हा सुमारे १०० टन उरला होता. आमच्या बँकेत अशी तूट आली असती तर चौकशी बसली असती. ट्यूडर मात्र त्या धंद्यात श्रीमंत झाला.

पुढच्याच वर्षी, १८३४ साली, अमेरिकेचा बर्फ मुंबईला आला. जमशेटजी जीजीभाईंनी जेवणावळीत पाहुण्यांना आइस्क्रीम वाढलं, आणि यजमान-पाहुणे सगळ्यांना सर्दी झाली, असं सांगतात. विलायती थेर केल्यावर दुसरं काय होणार, असं ‘मुंबई समाचार’नं सुनावलं म्हणे. माझी आजी वृत्तपत्र वाचत नसे, पण १५४ वर्षांनी तिनं आमच्या फ्रीजबद्दल नेमकं हेच मत दिलं.

योगायोग असा, की त्याच १८३४ साली जेकब पर्किन्स या माणसानं लंडनमध्ये यंत्रानं बर्फ करण्याचं पेटंट घेतलं. तत्त्व माठाचंच. द्रव उडून जाताना उष्णता घेऊन जातो. फरक एवढाच, की माठातलं पाणी उडालं ते उडालं. इथं उडालेली वाफ पकडून, दाबून पुन्हा द्रव करायची आणि पुन्हा उडवायची. म्हणजे फ्रीज हा नळ्या लावलेला माठ आहे. विसाव्या शतकात ही यंत्रं घरात आली तेव्हा त्यांच्या नळ्यांतून विषारी वायू फिरत. बर्लिनमध्ये अशा एका फ्रीजची गळती होऊन एक कुटुंब दगावल्याची बातमी वाचून खुद्द आइन्स्टाइन अस्वस्थ झाला, आणि त्यानं लिओ झिलार्डबरोबर न गळणाऱ्या फ्रीजची रचना केली. तिचं अमेरिकन पेटंट १९३० सालचं. सापेक्षतावाद मांडणाऱ्या माणसालाही घरच्या फ्रीजकडे लक्ष द्यावं लागलं, हे मी सौ.ला कधी सांगितलेलं नाही. दुसऱ्या शनिवारला आणखी धार चढेल.

आपल्याकडे गोदरेजनं १९५८ साली देशी फ्रीज काढला. तरी मध्यमवर्गाच्या घरात तो यायला आणखी दोन-तीन दशकं गेली. आमच्या घरी आला १९८८ साली, वडिलांच्या पतपेढीच्या कर्जातून. बर्फाला बॉस्टनहून कलकत्त्याला यायला चार महिने लागले. मुंबईहून महाडला आमच्या घरी यायला १५४ वर्षं लागली. मुंबई-गोवा रस्त्यानं जो प्रवास करतो त्याला यात आश्चर्य वाटणार नाही.

तोवर आम्ही महाडला बाजारपेठेजवळ राहायला आलो होतो. मी सात वर्षांचा. फ्रीज हातगाडीवरून आला, त्याच्यामागे गल्लीतली पंधरा मुलं, आणि सर्वांत पुढे मी, जणू गाडी मीच ओढतोय. नारळ फुटला. आईनं दाराला हळदकुंकू लावलं. फ्रीज स्वयंपाकघरात ठेवायचा असतो हे आम्हांला माहीत होतं, पण मग तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणार कसा? म्हणून तो बाहेरच्या खोलीत, डोक्यावर विणलेला रुमाल, रुमालावर फुलदाणी, शेजारी गुरगुरणारा स्टॅबिलायझर, आणि दाराला कुलूप. किल्ली वडिलांच्या जानव्याला. दही विरजायला आईला परवानगी काढावी लागे.

खरा पेच आजीपुढे होता. तिच्या स्वयंपाकघरात सोवळं वेगळं, ओवळं वेगळं. दूध एकीकडे, खरकटं दुसरीकडे. फ्रीजमध्ये तर सगळे एकाच खोलीत. आणि सगळ्यांना वारा एकच. आजीनं फ्रीजला हात लावायचा नाही असं ठरवलं आणि त्याच्या शेजारीच स्वतःचा माठ मांडला. पाहुण्यानं “थंड पाणी” म्हटलं की दोन पेले येत : एक फ्रीजचा, एक आजीचा. पाहुण्यानं कोणता उचलला त्यावर त्याची पुढची खातिरदारी ठरे.

आता पाणी आणि शुद्धता हे दोन शब्द महाडात एका वाक्यात वापरताना माणसानं जरा जपून असावं. आमच्या घरापासून चवदार तळं पायी दहा मिनिटांवर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या माणसांसह त्या तळ्याचं पाणी ओंजळीनं घेतलं. तळं नगरपालिकेचं, पालिकेनं १९२४ मध्येच ते सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला होता. कागदावर. लोकांनी पाणी घेतलं, त्यांना मारहाण झाली, आणि मग गावातल्या कर्मठांनी तळं ‘साफ’ केलं : १०८ घागरींत दूध, दही, शेण, गोमूत्र कालवून, मंत्र म्हणून. पाण्यात शेण कालवलं की पाणी स्वच्छ होतं, असं मानणारी माणसं माझ्याच गावात होती. पुढं खटला दहा वर्षं चालला, आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निकाल तळ्यावर पाणी घेणाऱ्यांच्या बाजूनं दिला.

आजीचं माहेर महाडचंच. १९२७ साली ती सात वर्षांची होती. मी फ्रीजपुढं चालत होतो त्याच वयाची. कॉलेजात गेल्यावर मी तिला एकदा विचारलं, “आजी, त्या घागरींतली एखादी आपल्याकडची होती का गं?”

आजी बराच वेळ वाती वळत राहिली. मग म्हणाली, “घागरी मातीच्या होत्या.”

मी विचारलं होतं ते हे नव्हतं. पण पुन्हा विचारायचं धैर्य मला झालं नाही, आणि १९९९ साली ती गेली.

एवढं मात्र मी पाहिलं आहे. १९९४ साली आमच्या शेजारच्या चाचींना साखरेच्या दुखण्यासाठी इन्सुलिन सुरू झालं. हे औषध २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. जास्त तापलं तर जातं आणि गोठलं तरी जातं. चाचींकडे फ्रीज नव्हता. त्या एक निळी डबी घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या आणि आईला म्हणाल्या, “वहिनी, कोपऱ्यात जरा जागा असली तर…” आईनं आजीकडं पाहिलं. वडिलांनी आजीकडं पाहिलं. मी फ्रीजकडं पाहिलं, कारण मला वाटलं आता किल्ली निघणार.

सहा वर्षांत फ्रीजला बोट न लावलेली आजी उठली. तिनं दार उघडायला लावलं, दारातल्या झाकणाच्या कप्प्यातून लोणी काढलं, पदरानं कप्पा पुसला आणि म्हणाली, “इथं ठेव गो. वर बर्फापाशी नको, गोठंल. औषधाला कसलं आलंय सोवळं!” डबी ठेवल्यावर तिनं हात धुतले का, हे पाहायला मी मोरीपर्यंत गेलो होतो. नाही धुतले.

त्या दिवसापासून फ्रीजचं कुलूप निकामी झालं. चाचींना सकाळ-संध्याकाळ डबी लागे, तेव्हा किल्ली जानव्याला ठेवून वडिलांना शाळेत जाता येईना.

पण त्यातून एक नवीन प्रश्न निघाला : फ्रीज साफ करताना तो बंद ठेवायचा, तर डबी कुठं ठेवायची? त्या काळच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात बर्फाचे थर चढत. तो थर बोटभर झाला की फ्रीज उलट कमी गार करतो, कारण बर्फ हा मध्ये पांघरुणासारखा बसतो. म्हणून दर पंधरा दिवसांनी फ्रीज बंद करून बर्फ वितळू द्यायचा. आजीनं तोड काढली. एका कुंडीत ओली वाळू, वाळूत बसेल असं छोटं मडकं, मडक्यात डबी, वर ओलं फडकं. दोन-तीन तासांचा प्रश्न. फ्रीज आंघोळ करी तोवर औषध आजीच्या मडक्यात विसावा घेई.

हा बर्फ आपोआप वितळू द्यायचा, तो खरवडायचा नाही, हे आम्हांला दुकानदारानं सांगितलं होतं. १९९६ च्या मे महिन्यात पुण्याची मावशी येणार म्हणून मला घाई झाली. मी पेचकस घेतला. पहिल्या तीन फटक्यांत बर्फ निघाला. चौथ्या फटक्याला ‘सुस्स’ असा आवाज झाला. तो आवाज मी अजून झोपेत ऐकतो. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यातली नळी मी फोडली होती आणि आमच्या फ्रीजचा प्राण माझ्या डोळ्यांदेखत महाडच्या हवेत मिसळत होता.

तो वायू साधासुधा नव्हता. विषारी वायूंना पर्याय म्हणून १९२८ मध्ये थॉमस मिजली यानं फ्रीऑनचा शोध लावला. न जळणारा, न वास येणारा, माणसाला न मारणारा. सगळ्या जगानं निःश्वास टाकला. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की हाच सज्जन वायू वर जाऊन ओझोनचा थर कुरतडतो. १९८७ साली माँट्रियलमध्ये जगानं करार केला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला, आणि २०१० पर्यंत नव्या फ्रीजमधून हा वायू हद्दपार झाला. म्हणजे अवघं जग ओझोन वाचवायला एकवटलं असताना मी पेचकस घेऊन उलट दिशेनं निघालो होतो.

वायू पुन्हा भरून घेईपर्यंत आठ दिवस गेले. आठही दिवस डबी मडक्यात होती, आणि मे महिन्यात आजी दर तासाला फडकं भिजवत होती. मला कोणी रागावलं नाही. चाची एवढंच म्हणाल्या, “अभ्यासात लक्ष घाल रे.” म्हणून मी बँकेत लागलो.

आता पुराकडे यावंच लागतं. महाडचा इतिहास लिहायचा आणि सावित्री-गांधारी टाळायच्या, हे शक्य नाही. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपुरावरून खाली येते आणि महाडला गांधारीला भेटते. दोघी बहिणी एकाच वेळी भरल्या आणि खाली खाडीला भरती असली, की त्या आमच्याकडे मुक्कामाला येतात.

जुलै २००५ मध्ये आल्या. तालुक्यात दासगाव, जुई अशा गावांवर दरडी कोसळल्या, माणसं गेली. त्यापुढे आमच्या नुकसानीची गोष्ट सांगायची लाज वाटते. पण फ्रीजची हकीकत आहे म्हणून सांगतो. फ्रीज तरंगतो, हे मला तेव्हा कळलं. सतरा वर्षं एका जागी उभा असलेला आमचा फ्रीज उठला, पाठीवर झोपला, आणि होडीसारखा मागच्या दारातून निघून गेला. दोन दिवसांनी तो परसातल्या फणसाला टेकून बसलेला सापडला. दार उघडलं तर आत चिखल, आणि लोण्याच्या कप्प्यात डबी नाही. चाचींना त्या पुरात दोन दिवस इंजेक्शन मिळालं नाही. तिसऱ्या दिवशी मदत पथकातल्या डॉक्टरांकडून मिळालं, तोवर त्या ओट्यावर भिंतीला टेकून डोळे मिटून पडून होत्या आणि आई त्यांचा हात धरून बसली होती. आई त्या दोन दिवसांत फ्रीजबद्दल एक शब्द बोलली नाही.

दुसरा फ्रीज २००६ साली आला. याच्यात बर्फ साचत नाही, त्यामुळे पेचकसाची सोय नव्हती. पण मागं एक बारीक भोक असतं, त्यातून पाणी खालच्या तबकात उतरतं. ते तुंबलं की भाजीच्या कप्प्यात तळं होतं. मी सगळं शिकलो. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून पुसायचं; साबण नको, वास राहतो. मागच्या जाळीवरची धूळ वर्षातून दोनदा झाडायची, नाहीतर यंत्राला धाप लागते. दाराचं रबर तपासायला दारात दहाची नोट धरून दार लावायचं आणि नोट ओढायची. अलगद सुटली तर रबर सैल, अडकली तर ठीक. आयुष्यभर नोटा मोजणाऱ्या माणसाला नोटेचा हा उपयोग फार भावला. आणि सर्वांत महत्त्वाचं, मी फ्रीजखाली दोन फुटांचा सिमेंटचा कट्टा बांधून घेतला. आता सावित्री आली तरी फ्रीजच्या पायाशीच राहील, असा माझा हिशेब.

२२ जुलै २०२१. महाबळेश्वरला चोवीस तासांत सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला, आणि तो सगळा आमच्याकडे निघाला. पाणी दारात आलं, उंबरा चढलं, कट्टा चढायला लागलं. दिवे गेले, फोन गेले. वरच्या मजल्यावर चढायला आमच्या हाती दहा मिनिटं होती. अशा वेळी माणूस काय उचलतो त्यावरून तो कळतो, म्हणतात. सौ.नं मुलांना उचललं. मी धावत जाऊन कपाटातली फाईल उचलली. वर जाऊन पाहिलं तर ती फ्रीजच्या वॉरंटीची होती. मुदत २०११ साली संपलेली.

आई अडुसष्ट वर्षांची. ती कमरेभर पाण्यातून फ्रीजपाशी गेली, दार ओढलं, निळी डबी काढून पदरात बांधली, आणि दुसऱ्या हातात ते छोटं मडकं घेऊन जिना चढली. चाचींच्या घरी २००९ सालीच स्वतःचा फ्रीज आला होता. पण “नातवंडं दार उघडं टाकतात” म्हणून त्यांची डबी आमच्याकडेच असे. त्यांच्या मुलांनी त्यांना मागल्या गच्चीवरून आमच्या वरच्या मजल्यावर आणलं. कुंडीत वाळू नव्हती. आईनं भिजवलेली गोधडी वापरली. दमट हवेत मडकं फारसं गार करीत नाही, हे मी शास्त्राधारे सांगू लागलो. आई म्हणाली, “मग तुझी फाईल घाल वारा.” मी वॉरंटीच्या फाईलनं मडक्याला वारा घातला. इतक्या वर्षांत त्या वॉरंटीचा एवढाच उपयोग झाला.

पुढं डॉक्टर म्हणाले, की पावसाळी हवेत, पंचवीस-सव्वीस अंशांत, हे औषध महिनाभर टिकतं. तुम्ही उगाच घाबरलात. पण डबी पाण्यात गेली असती तर ते टिकलं नसतं, आणि गावातली औषधांची दुकानं त्या चार दिवसांत चिखलानं भरली होती. चाचींचं एकही इंजेक्शन चुकलं नाही.

त्याच दिवशी आमच्याच तालुक्यात तळियेवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. आम्हांला ते फार उशिरा कळलं. पाणी ओसरल्यावर बाजारपेठेत दुतर्फा फ्रीज पडले होते. लहान-मोठे, एकदारी-दोनदारी, सगळे सारख्याच रंगाचे. बाहेरच्या शहरांतून आलेले सफाई कामगार गुडघाभर चिखलातून आमची घरं उपसत होते. एकानं आमचा फ्रीज बाहेर काढला, दार उघडलं, आणि सवयीनं विचारलं, “यातलं काही ठेवायचंय का?” आम्ही आत पाहिलं. अर्धं लिंबू चिखलातही ओळखू येत होतं. सौ.नं मान हलवली. नको.

मी त्या माणसाला पाणी दिलं. माठ फुटला होता, मदतीच्या बाटलीतलंच होतं. पेला त्याच्या हातात देताना मला आजीच्या घागरी आठवल्या. गाव तेच, घाण मात्र या वेळी खरी होती, आणि ती काढणारा माणूस कुठून कुठून आला होता. त्यानं पाणी प्यायलं, तोंड पुसलं, आणि शेजारच्यांचा फ्रीज ओढायला गेला.

तिसरा फ्रीज वरच्या मजल्यावर आहे. मी तो दर दुसऱ्या शनिवारी साफ करतो. पहिल्यांदा निळी डबी बाहेर येते आणि मडक्यात जाते. हल्ली तिच्यात बाटलीऐवजी पेन असतं. मग बाकीचा ताळेबंद. सौ.चं ‘लागतं कधीतरी’ अजून चालू आहे, पण मी आता वाद घालत नाही. चाची जिना चढून येतात, खुर्चीवर बसतात, आई त्यांना बिनसाखरेचा चहा देते, आणि दोघी मिळून माझ्या कामाची तपासणी करतात. बँकेचे ऑडिटर यांच्यापुढे काहीच नाहीत.

काल मी सोड्याच्या पाण्यानं सगळं पुसलं, नोट लावून दाराची परीक्षा घेतली, नोट अडकली. मी विजयी मुद्रेनं वळलो.

चाचींनी चष्मा वर केला. “रबराच्या कोपऱ्यात काळं राहिलंय रे,” त्या म्हणाल्या. “आणि ती नोट काढ. मागच्या वेळची पण तिथंच राहिली होती, ती मी चहाच्या डब्याखाली ठेवलीय.”